लेक्टिन लावलं, तरी पेशी चमकत का नाहीत?

नरडाण्याकडच्या शिवारात भुईमूग काही नवा नाही. त्याच्या दाण्यात तेलाबरोबर लेक्टिन नावाचं प्रथिन असतं. ते ठरावीक साखरेलाच चिकटतं. पेशींच्या पृष्ठभागावर साखरेच्या साखळ्या असतात. म्हणून लेक्टिनला फ्लोरोसंट रंग जोडून पेशींवर टाकतात आणि फ्लो सायटोमीटर लेझरच्या उजेडात एकेक पेशी किती चमकली ते मोजतो.

चमक दिसलीच नाही तर? शेंगदाण्याच्या लेक्टिनबाबत पहिला संशय सायलिक आम्लावर घ्यावा. या लेक्टिनला हवी असलेली साखर बऱ्याच पेशींवर त्याच्याखाली झाकलेली असते. न्यूरामिनिडेज एन्झाइमने हे झाकण काढलं की त्याच पेशी चमकू लागतात. दुसरा संशय द्रावणावर. शेंगवर्गीय लेक्टिनांना कॅल्शियम आणि मँगनीज लागतात, आणि पेशींच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेलं ईडीटीए नेमके हेच धातू पकडतं. द्रावणात सीरम असेल तर त्यातली साखरयुक्त प्रथिनंच लेक्टिन गिळून टाकतात.

याउलट सगळंच चमकत असेल, तर मेलेल्या पेशी आधी वगळाव्यात. लेक्टिन जास्त झालं की पेशी एकमेकींना चिकटतात, कारण शेंगदाण्याच्या एका लेक्टिन रेणूला साखर धरायच्या चार जागा असतात. मात्रा कमीपासून वाढवत न्यावी. खरी परीक्षा साखरेचीच: द्रावणात भरपूर लॅक्टोज घातल्यावर चमक उतरली नाही, तर लेक्टिन साखरेला चिकटलेलंच नव्हतं. ही नळी बरेच जण वाचवतात आणि मग आठवडा घालवतात.

कधीकधी मात्र चमक नसणं हेच उत्तर असतं. 1952 मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईतून ‘बॉम्बे’ रक्तगट नोंदवला. या लोकांच्या तांबड्या पेशींवर एच प्रतिजन नसतो. युलेक्स या काटेरी झुडपाच्या बियांतलं लेक्टिन एचला चिकटतं, त्यामुळे ओ गटाच्या पेशी ते भरपूर धरतात, बॉम्बे गटाच्या धरत नाहीत. नेहमीच्या ए-बी तपासणीत मात्र दोन्ही सारखेच दिसतात. बॉम्बे गटाच्या माणसाला ओ रक्त चढवलं तर त्याच्या शरीरातली एचविरोधी प्रतिपिंडं त्या पेशी फोडतात. जीवही जाऊ शकतो. म्हणून असा नमुना तपासताना शेजारी ओ गटाचा नमुना हवाच. तो चमकला आणि हा नाही, तरच निकाल खरा. दोन्ही काळे राहिले तर लेक्टिन बिघडलेलं आहे.