विमेदार कामगाराचें कुटुंब : जोगेश्वरी येथील एक कागद

लेणें पाहण्यासाठीं जोगेश्वरीस जाणारा अभ्यासक लेण्यांतून बाहेर येतांच बहुधा परत फिरतो. सहाव्या शतकांतील हें शैव लेणें जुन्या इंग्रजी वर्णनांत अंबोलीचें म्हणूनही आढळतें, व त्याजवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु त्याच्या भोंवतीं जी चाकरमान्यांची वस्ती झाली, तिच्या कागदपत्रांकडे आम्हां संग्राहकांचें लक्ष फारसें जात नाहीं. ताम्रपटावरील एक अक्षर झिजलें तरी आपण हळहळतों. मजुराची पत्र्याची पेटी मात्र भंगारांत जाते. अशाच एका पेटींतील कागद माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें मला दाखविला. त्याचा अर्थ लावण्याचा हा यत्न आहे.

कागद म्हणजे राज्य कामगार विमा योजनेंत नांव दाखल करावयाचा छापील नमुना. विद्यार्थ्याचे वडील रत्नागिरीकडून येऊन येथें कारखान्यांत लागले होते. तारखेचा कोपरा वाळवीनें खाल्लेला आहे. कुटुंबीयांच्या नांवांपुढें दोन रकाने आहेत : सोबत राहतात काय, व नसल्यास कोठें राहतात. पत्नी, मुलगा व मुलगी या तिघांपुढें 'नाहीं' असें लिहून गांवाचें नांव घातलें आहे. बिऱ्हाड एकीकडे व घर दुसरीकडे, ही कामगाराची स्थिति नमुना रचणारासही ठाऊक होती, हें या दोन रकान्यांवरून सिद्ध होतें.

ही योजना १९४८ सालीं सुरू झाली असें सर्रास लिहिलें जातें. तें साल कायद्याचें होय. प्रा. आडारकर यांची नेमणूक १९४३ त झाली व त्यांचा अहवाल १९४४ त आला. कायदा झाल्यावरही योजना प्रत्यक्षांत येण्यास २४ फेब्रुवारी १९५२ हा दिवस उजाडावा लागला, व तीही प्रथम कानपूर आणि दिल्ली येथें. मुंबईस ती १९५४ त आली. तेव्हां औषधोपचार मिळे तो एकट्या विमेदार कामगारास. कायद्याच्या ४६ व्या कलमाची भाषा या दृष्टीनें पाहण्यासारखी आहे. कामगाराच्या हक्काचें क्रियापद निःसंदिग्ध विधीचें आहे. कुटुंबास मात्र सरकारनें किंवा स्थानिक संस्थेनें विनंति केल्यास उपचार देतां येतील, असा विकल्प ठेविला आहे. विधि आणि विकल्प यांतील अंतर मीमांसकांस सांगावयास नको. त्याहून विलक्षण गोष्ट ही कीं, 'कुटुंब' आणि 'आश्रित' हे शब्द कायद्यानें वेगळे मानले आहेत, व कामावरील अपघातांत कामगार दगावला तर आश्रितांस ठराविक मुदतीनें रक्कम हक्कानें मिळावयाची. म्हणजे कर्ता पुरुष जिवंत असतां त्याच्या बायकोचा ताप हा विकल्पाचा विषय, आणि तो कामावर मेला कीं तीच बाई हक्कदार! यापूर्वींचा १९२९ चा मुंबईचा प्रसूतिविषयक कायदा, ज्याचें समर्थन डॉ. आंबेडकरांनीं १९२८ त कायदेमंडळांत केलें होतें, तोही स्वतः कारखान्यांत राबणाऱ्या स्त्रीपुरताच होता.

कुटुंबांस उपचार देण्यास १९५८ पासून प्रांतोप्रांतीं टप्प्याटप्प्यानें आरंभ झाला. प्रथम दवाखान्यांतील औषध, मग तज्ज्ञाची तपासणी, आणि शेवटीं रुग्णालयांतील खाट, असे तीन दर्जे होते.

जोगेश्वरीच्या बाबतींत हद्दीचाही विचार केला पाहिजे. मुंबई महापालिकेची हद्द १५ एप्रिल १९५० रोजीं पश्चिमेकडे जोगेश्वरीपर्यंत व पूर्वेकडे भांडुपपर्यंत वाढली. पुढें १९५७ त ती दहिसर व मुलुंडपर्यंत गेली. मधलीं सात वर्षें जोगेश्वरी ही शहराची शीव होती. शिवेच्या आंत आलेल्या कामगारास यादींतील खाजगी वैद्य निवडतां येई, कारण मुंबईंत योजना अशा वैद्यांच्या हातूनच चालत असे. कोंकणांतील पत्नीस त्या यादीचा काय उपयोग? विद्यार्थी सांगतात कीं आई आजारी पडली तर एक तर मनिऑर्डर जाई, नाहीं तर आईस बोटीनें मुंबईस आणीत. त्याच पेटींतील नंतरच्या एका कागदावर धाकट्या मुलीचें नांव नाहीं. मीं विचारलें तेव्हां ते म्हणाले, "ती गांवींच तापानें गेली." वर्गणी येथें कापली जात होती, एवढें कागदावरून म्हणतां येतें, उपचारानें ती वांचली असती असें म्हणण्यास आधार नाहीं, व मी तसें म्हणत नाहीं.

पुढें कामगारास एक व कुटुंबास एक अशीं दोन ओळखपत्रें देण्याची पद्धति पडली होती, ती या दोन रकान्यांचेंच उशिरानें आलेलें उत्तर होय. परंतु वेतनमर्यादेबाहेरचे, व नाक्यावर उभे राहणारे मजूर या कायद्यांत आलेच नाहींत. त्यांच्यासाठीं २ जुलै २०१२ रोजीं राजीव गांधी जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. मुंबई उपनगर त्यांत होतें. पुढें तिला महात्मा जोतिराव फुले यांचें नांव मिळालें. ती राज्याच्या पिवळ्या व केशरी शिधापत्रिकेवर चाले. उत्तरेकडून आलेल्या सुताराची शिधापत्रिका त्याच्या गांवीं, आणि बायकामुलें त्याच्याजवळ जोगेश्वरीस. रत्नागिरीकराची जी अडचण होती तिचा हा नेमका व्यत्यास. २३ सप्टेंबर २०१८ च्या केंद्रीय योजनेनें परप्रांतींही उपचार घेण्याची सोय केली, तरी कुटुंबाचें नांव मूळ गांवच्या यादींत असावें लागे.

या वस्तींतील शिधापत्रिका, वैद्यांच्या चिठ्ठ्या व मनिऑर्डरींच्या पावत्या ज्यांच्या हातीं पडतील त्यांनीं त्या जपून ठेवाव्या. वरील नमुन्याची नक्कल मजपाशीं आहे; मूळ कागद मालकांस परत केला.