समांतरभुज चौकोन आणि द्विनेत्री दुर्बीण

चौकोनाच्या संमुख बाजू एकरूप असतील तर तो समांतरभुज असतो, हे आपण फळ्यावर सिद्ध करून दाखवतो आणि पुढच्या प्रमेयाकडे वळतो. पण चार पट्ट्या चार खिळ्यांनी सैलसर जोडून हा चौकोन केला, की त्याच प्रमेयाचे यंत्र होते. एक बाजू स्थिर धरून चौकोन कितीही कलता केला, तरी समोरची बाजू फक्त सरकते. तिची दिशा बदलत नाही. या एवढ्याशा गुणधर्माचा माणसाने गेल्या चारशे वर्षांत कसकसा उपयोग करून घेतला, ते पाहू.

ख्रिस्तोफ शायनर या जर्मन जेझुइट विद्वानाने १६०३ मध्ये पँटोग्राफ तयार केला. समांतरभुज चौकोनाच्या या सांगाड्याने मूळ चित्र गिरवले, की दुसऱ्या टोकाची पेन्सिल तेच चित्र लहान किंवा मोठे करून काढते. हेच शायनर १६११ मध्ये दुर्बिणीतून सौरडाग पाहू लागले आणि त्यावरून गॅलिलिओशी त्यांचा वाद झाला.

१६६९ मध्ये रोबेरव्हाल या फ्रेंच गणितज्ञाने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एक तराजू मांडला. त्याची पारडी समांतरभुज चौकोनाच्या उभ्या बाजूंवर बसवलेली होती. पारडे खाली गेले तरी ती बाजू उभीच राहते, म्हणून पारड्याचा प्रत्येक बिंदू सारखाच खाली जातो. साहजिकच वजन पारड्याच्या मध्यावर ठेवा की कडेला, तोल बदलत नाही. इलेक्ट्रॉनिक काटे येण्यापूर्वी आपल्या किराणा दुकानांत जो दोन पारड्यांचा तराजू मांडलेला असे, तो याच तत्त्वावरचा.

१९३२ मध्ये जॉर्ज कारवर्डीन या इंग्रज अभियंत्याने टेबलावरच्या दिव्यासाठी स्प्रिंगांनी तोललेल्या हाताचे पेटंट घेतले. हात हवा तिथे न्यावा, सोडून द्यावा. दिवा तिथेच थांबतो. दिशा राखणारा चौकोन आणि कोणत्याही उंचीवर टिकणारा तोल, या दोन कल्पना एकत्र आल्या की आपल्या दुर्बिणीची बैठक तयार होते.

आता आकाशाकडे वळू. नाडीच्या ठोक्यांनी आणि श्वासाने हात हलतो, म्हणून नळी पक्क्या आधारावर बसवावी, असे गॅलिलिओने १६१० मध्येच एका पत्रात लिहून ठेवले होते. दहा पट वर्धन करणारी दुर्बीण हाताचा कंपही दहा पट करते. इंग्लंडमधील शिक्षक जॉर्ज अल्कॉक यांनी ऑगस्ट १९५९ मध्ये एका आठवड्याच्या आत दोन धूमकेतू शोधले, ते २५×१०५ च्या द्विनेत्रीने. एवढी जड दुर्बीण आधारावाचून वापरताच येत नाही.

साध्या तिपाईवर दुर्बीण बसवली, तर माथ्यावरचे तारे पाहताना मान मोडते आणि पाय तिपाईला अडखळतात. समांतरभुज बैठकीचा हात दुर्बिणीला तिपाईबाहेर काढतो. शिवाय उंची बदलली तरी रोख बदलत नाही. तारा इतका दूर आहे, की दुर्बीण हातभर खाली आली तरी तो दृष्टिक्षेत्रातच राहतो. जवळच्या झाडाच्या बाबतीत मात्र असे घडणार नाही. का, ते मुलांना विचारावे.

बैठक निवडताना किंवा सुताराकडून करवून घेताना काय पाहावे? ९० सेंमी लांबीचा हात आडव्या स्थितीपासून ३० अंश वर आणि ३० अंश खाली गेला, तर उंचीत एकूण ९० सेंमी फरक पडतो. शाळेला तेवढा पुरतो. दुर्बीण २ किलोची असेल आणि प्रतिभार टेकूच्या दुसऱ्या बाजूला ३० सेंमीवर असेल, तर तो ६ किलोचा हवा. पट्ट्यांच्या वजनाचा हिशेब वेगळा. हा सगळा भार तिपाईला पेलला पाहिजे. हात उगाच लांब करू नये. तीच पट्टी दुप्पट लांब केली, तर टोकाच्या तेवढ्याच भाराने ती आठपट वाकते आणि तारे नाचू लागतात. सांध्यांत खडखड नको. हात कोणत्याही उंचीवर सोडून पाहावा; तो तिथेच थांबला पाहिजे. प्रतिभाराच्या बाजूला मुलांना उभे करू नये.

एवढा खटाटोप कशासाठी? आकाशदर्शनाच्या रांगेत सहावीतला बुटका मुलगा टाचा उंचावतो, त्याला काहीच दिसत नाही, पण मागून घाई होते म्हणून तो “दिसलं” म्हणतो आणि बाजूला होतो. त्याच्यासाठी तिपाई खाली करावी, तर देवयानी दीर्घिका हातची निसटते आणि पुन्हा शोधण्यात रांगेचा वेळ जातो. समांतरभुज बैठकीत दुर्बीण त्याच्या डोळ्यांपर्यंत खाली येते आणि रोख तसाच राहतो. वर्गात दोन ओळींत संपणारे ते प्रमेय इथे त्याला त्याच्या वाटणीचे आकाश दाखवते.