प्रेक्षकांची पंचायत आणि खेळाडूचे मोल

खेळांचा इतिहास लिहिणारे बहुधा विजयांचा जमाखर्च मांडतात. कोणत्या साली कोणत्या संघाने ढाल पटकाविली आणि कोणी किती गोल केले, एवढे नमूद झाले की त्यांचे समाधान होते. परंतु फुटबॉलचा सामना दीड तासात संपतो आणि त्याची चर्चा आठवडाभर चालते. आपल्या क्लबाने कोणता खेळाडू घ्यावा, कोणास निरोप द्यावा, आघाडीस किती गडी ठेवावे व बचावास किती, हे प्रश्न मैदानावरून घरी परतणाऱ्या मनुष्यास आपल्या प्रपंचातील प्रश्नांइतकेच जिव्हाळ्याचे वाटतात. या चर्चेलाही इतिहास आहे, आणि तो केवळ मौजेचा नाही. त्यात एका माणसाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न दडलेला आहे. म्हणूनच तो वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रारंभ अर्थातच इंग्लंडात झाला. पैसे घेऊन खेळण्यास तेथे 1885 साली मान्यता मिळाली आणि 1888 साली बारा क्लबांनी मिळून लीग स्थापिली. शनिवारी दुपारी गिरण्यांचे भोंगे वाजले की लँकेशायरातील कामकरी वर्ग थेट मैदानाकडे वळे. तो दाराशी पैसे मोजी, पावसात उभा राही, घसा कोरडा होईपर्यंत ओरडे. आणि तरीही क्लबाच्या कारभारात त्यास कसलाही अधिकार नसे. क्लब ही मर्यादित कंपनी बनत चालली होती. तिचे भाग गावातील व्यापारी व कारखानदार यांच्या हाती असत. ज्यास मत देण्याचा हक्क नाही त्यास मत बोलून दाखविण्याचा हक्क तरी हवाच. गुत्त्यात, कारखान्याच्या दारात आणि शनिवारी सायंकाळी निघणाऱ्या क्रीडापत्रांच्या स्तंभांत प्रेक्षकांची जी पंचायत भरू लागली, तिचे मूळ आमच्या मते येथे आहे.

परंतु या पंचायतीपुढे ज्याचा निवाडा होई, त्या खेळाडूची स्थिती काय होती? 1893 पासून लागू झालेल्या नियमान्वये खेळाडूचा वर्षाचा करार संपला तरी तो मोकळा होत नसे. जुन्या क्लबाने संमती दिल्याखेरीज त्यास लीगमधील दुसऱ्या क्लबाकडून खेळता येत नसे, आणि संमती हवी तर नव्या क्लबाने जुन्यास रक्कम मोजावी लागे. पुढे 1901 साली वेतनावरही मर्यादा पडली. आठवड्यास चार पौंडांहून अधिक कोणास द्यावयाचे नाहीत असे ठरले. म्हणजे खेळाडूची किंमत वाढू शके, पण ती त्याच्या पदरात पडत नसे.

या व्यवस्थेवर पहिला मोठा गदारोळ 1905 साली झाला. मिडल्सबरोचा क्लब पहिल्या श्रेणीतून खाली घसरण्याच्या बेतात होता. परगावी सामना जिंकून त्यास जवळजवळ दोन वर्षे लोटली होती. त्याने संडरलंडकडून आल्फ कॉमन या आघाडीच्या खेळाडूस एक हजार पौंडांस घेतले. एका माणसासाठी चार आकडी रक्कम! वृत्तपत्रांनी आणि खेळाच्या धुरीणांनी संताप व्यक्त केला. ही गुलामांची खरेदी-विक्रीच होय, असे आरोप झाले. परंतु पहिल्याच सामन्यात, तोही परगावी शेफील्ड येथे, कॉमनने पेनल्टीवर गोल करून संघास जिंकून दिले. मिडल्सबरोचे स्थान टिकले. विजयाने नीतीच्या प्रश्नाचे तोंड किती लवकर बंद होते, याचे हे उदाहरण आहे. 1908 साली अशा रकमेवर 350 पौंडांची मर्यादा घालण्याचा प्रयत्न झाला. तो काही महिनेच टिकला.

1912 साली हर्बर्ट किंगाबी या खेळाडूने ऍस्टन व्हिला क्लबाविरुद्ध न्यायालयात दाद मागितली आणि तो हरला. 1919 साली तर प्रकरण अगदी उघड्यावर आले. हिशेबातील गैरव्यवहाराच्या आरोपांवरून लीड्स सिटी हा क्लब लीगमधून काढून टाकण्यात आला आणि त्याचे खेळाडू लीड्समधील मेट्रोपोल हॉटेलात लिलावाने विकले गेले. दिवाळे निघालेल्या दुकानातील सामानाप्रमाणे माणसे विकली गेली, आणि ज्यांनी ती घेतली त्या गावांतील रसिकांची चर्चा एवढीच की सौदा स्वस्तात पडला की महाग!

लीड्स सिटीचे एके काळचे व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन हे पुढे 1925 साली लंडनच्या आर्सेनल क्लबात आले. गंमत अशी की, मोठमोठ्या रकमा उधळून संघ बांधू पाहणाऱ्यांनी अर्ज करू नये, असे त्या क्लबाच्या जाहिरातीत बजावलेले होते. चॅपमन यांनी येताच संडरलंडच्या चार्ली बकन यास घेतले. बकनचे वय तेव्हा तेहेतीस. इतक्या पोक्त गड्यासाठी किती मोजावे, हा प्रश्न साहजिकच होता. तोड अशी निघाली की दोन हजार पौंड रोख द्यावे आणि पहिल्या हंगामात तो जितके गोल करील तितके शंभर पौंड वर द्यावे. त्याने एकवीस गोल केले. एकूण रक्कम 4,100 पौंड झाली. खेळाडूचे मोल गोलागणिक मोजण्याची सोय येथे प्रत्यक्ष करारानेच करून दिली.

त्याच वर्षी ऑफसाइडचा नियम बदलला. पूर्वी चढाई करणाऱ्या गड्यापुढे प्रतिपक्षाचे तीन खेळाडू असावे लागत. आता दोन पुरेसे झाले. परिणाम विलक्षण झाला. लीगच्या 1,848 सामन्यांत मागील हंगामी 4,700 गोल झाले होते. नव्या हंगामात तितक्याच सामन्यांत 6,373 झाले. ऑक्टोबरमध्ये न्यूकॅसल येथे आर्सेनलचा सात गोलांनी फडशा उडाला. तेव्हा बकनने आग्रह धरला की मधल्या फळीतील सेंटर हाफने मागे सरून दोन बचावपटूंच्या मध्ये उभे राहावे. चॅपमन यांनी ते मानले, आणि दोनच दिवसांनी वेस्ट हॅमवर चार गोलांनी विजय मिळाला. ज्या रचनेने पुढील कित्येक वर्षे जगभरच्या मैदानांवर राज्य केले, तिचा पाया असा पराभवानंतरच्या वादातून घातला गेला. यात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, ज्यास विकत घेतले होते तो नुसता पाय घेऊन आला नव्हता. त्याने आपली बुद्धीही बरोबर आणली होती.

1928 साली आर्सेनलने डेव्हिड जॅक यास बोल्टनकडून 10,890 पौंडांस घेतले. पाच आकडी रकमेचा हा पहिला सौदा. पुढे क्लबाने 1930 साली चषक आणि 1931 व 1933 साली लीग जिंकली. तरीही परगावचे प्रेक्षक त्यास 'नशीबवान आर्सेनल' म्हणून हिणवीत. बचाव करीत राहावे आणि संधी साधून झडप घालावी हा त्यांचा डाव अनेकांस खेळाच्या उदारपणाशी विसंगत वाटे. पैसा ओतून यश मिळवावे काय, सुंदर खेळ श्रेष्ठ की फलदायी खेळ श्रेष्ठ, हे वाद तेव्हा जितके पेटत तितकेच आजही पेटतात.

आपल्या देशात या पंचायतीचे खरे पीठ कलकत्ता. तेथील एक थोर क्लब तर अशाच वादातून जन्मला. 1920 साली मोहन बागानविरुद्धच्या सामन्यात जोडाबागानच्या संघातून शैलेश बोस यांस वगळण्यात आले. त्या रागाने सुरेशचंद्र चौधुरी यांनी क्लब सोडला आणि सहकाऱ्यांसह ईस्ट बेंगॉल स्थापिला. पुढे मोहमेडन स्पोर्टिंगने बंगालबाहेरचे गुणी खेळाडू गोळा करून 1934 ते 1938 अशी सलग पाच वर्षे कलकत्त्याची लीग जिंकली. मुंबईच्या रसिकांनीही 1940 साली त्यांस रोव्हर्स चषक जिंकताना पाहिले. बाहेरचे गडी आणावे की घरचे वाढवावे, हा वाद तेव्हापासून गल्लीतल्या ओट्याओट्यावर रंगला. येथील खेळाडू नावाने हौशी होते. परंतु पुढील दशकांत नोंदणीचे दिवस आले की प्रतिपक्षाने गाठू नये म्हणून क्लबाची माणसे त्यांस लपवून ठेवू लागली. कायद्याची बेडी नव्हती, पण प्रेमाची बेडीही काही कमी जड नसते.

इंग्लंडात बेडी तुटण्यास फार काळ लागला. न्यूकॅसल सोडू इच्छिणाऱ्या जॉर्ज ईस्टहॅमने खेळणेच थांबविले आणि 1960 साली क्लबास त्याला आर्सेनलकडे जाऊ द्यावे लागले. तरीही त्याने दावा सोडला नाही. 1961 साली वेतनमर्यादा उठली, आणि 1963 साली न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी करार संपलेल्या खेळाडूस अडकवून ठेवण्याची प्रथा व्यवसायस्वातंत्र्यावर गैरवाजवी बंधन घालणारी ठरविली. 1995 साली बेल्जमचा खेळाडू बोस्मान याच्या दाव्यात युरोपच्या न्यायालयाने निर्णय दिला की, करार संपल्यावर युरोपीय संघातील खेळाडू दुसऱ्या सभासद देशात जाऊ लागला तर जुन्या क्लबास रक्कम मागता येणार नाही. सत्तर वर्षे गुत्त्यांत व वृत्तपत्रांत जो प्रश्न कडेला पडला होता, तो अखेर न्यायालयांनी सोडविला.

प्रेक्षकांच्या चर्चेस आम्ही तुच्छ लेखीत नाही. तिनेच खेळास विचाराची सवय लावली. बिनमताच्या माणसास आपल्या गावच्या संस्थेत वाटा मिळवून दिला. परंतु या पंचायतीने 'कोणास घ्यावे' आणि 'किती द्यावे' हे जितक्या हिरिरीने विचारले, तितक्या हिरिरीने 'त्यास यावयाचे आहे काय' हे क्वचितच विचारले. ज्या गिरणीकामगारास आपली नोकरी सोडण्याचा हक्क होता, तो त्या हक्कास मुकलेल्या माणसाच्या किमतीवर शनिवारभर घासाघीस करीत राहिला. क्लबावरील निष्ठा ही मोठी गोष्ट आहे. मात्र ज्याच्या पायांवर ती उभी राहते, तो आपल्यासारखाच पोटार्थी व स्वाभिमानी मनुष्य आहे, याचा विसर पडला की निष्ठेस मालकीचा वास येऊ लागतो.