शेअर आहे, पण टोळी कधी येणार?

दोन वर्षांपूर्वी रेणापूरला घरी गेलो होतो. मी पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो आणि तेव्हा आमच्या टीमकडे चार्टर विमानांच्या बुकिंगचं अ‍ॅप होतं. काकांना सोपं करून सांगितलं: एका विमानाचे सोळा मालक, प्रत्येकाला वर्षाला 50 तास. काका ऊस लावतात, साखर कारखान्याचे सभासद आहेत. ते म्हणाले, "शेअर हाय, ते ठीक. पण टोळी कधी येणार?"

ज्यांनी ऊसतोडीसाठी चिठ्ठीची वाट पाहिलीय त्यांना हा प्रश्न समजावून सांगायला नको. सगळ्यांचा ऊस एकदमच पिकतो.

1986 मध्ये अमेरिकेत रिचर्ड सँटुली या गणितज्ञानं नेटजेट्स सुरू केली, तेव्हा त्याच्यापुढेही हाच हिशोब होता. सोळा मालकांना एकाच सकाळी उडायचं असेल तर? त्यानं जुन्या उड्डाणांच्या नोंदी तपासल्या आणि मालकांच्या विमानांशिवाय कंपनीची जादा किती विमानं लागतील ते काढलं. वॉरन बफे आधी गिऱ्हाईक झाले, मग 1998 मध्ये त्यांनी कंपनीच विकत घेतली. भारतात क्लब वन एअरनं 2005 मध्ये हा प्रकार आणला. पण आपल्याकडे शेअरपेक्षा भाड्याचंच विमान जास्त चालतं. निवडणुकीच्या हंगामात तर हेलिकॉप्टर मिळत नाही, अगदी टोळीसारखं.

मराठवाड्याला विमानातली भागीदारी नवी नाही म्हणा. आपण निजामाच्या राज्यात असताना 1945 मध्ये निजाम सरकार आणि टाटा यांनी मिळून डेक्कन एअरवेज काढली. 1953 च्या राष्ट्रीयीकरणात ती इंडियन एअरलाइन्समध्ये गेली. अर्थात ती विमानं बेगमपेठेवरून उडायची, लातूरवरून नाही. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. वेगळा जिल्हा 1982 चा, धावपट्टी त्यानंतरची. 2009 मध्ये लातूर, नांदेड, बारामती, उस्मानाबाद, यवतमाळ हे पाचही विमानतळ 95 वर्षांच्या कराराने रिलायन्सकडे गेले. 27 एप्रिल 2017 ला उडान योजनेतलं हैदराबादचं विमान नांदेडला मिळालं. लातूरची धावपट्टी मात्र मुख्यतः नेत्यांच्या आणि भाड्याच्या विमानांसाठीच राहिली.

त्याच्या महिनाभरानंतर, 25 मे ला, निलंग्यात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचं हेलिकॉप्टर उडता उडता विजेच्या तारांत अडकून वस्तीत कोसळलं. सगळे वाचले. मेच्या उन्हात हवा विरळ होते, पंख्याला उचल कमी मिळते.

लहानपणी मी गावातल्या मैदानावर फक्कीनं आखलेलं वर्तुळ पाहिलंय. धूळ उडू नये म्हणून टँकरनं पाणी मारायचे. उन्हाळ्यात. आम्ही पोरं त्या चिखलात उभं राहून वर बघायचो. आत कोण होतं ते आठवत नाही, टँकर आठवतो.

मागच्या वर्षी काकूंना मेंदूचा झटका आला. लातूरच्या डॉक्टरांनी पुण्याला हलवा म्हटलं. अ‍ॅपच्या कामामुळे माझ्याकडे चार्टरवाल्यांचे नंबर होते, दोघांना फोन लावले. विमान मुंबईत उभं. तिथून रिकामं येणार, पुण्याला सोडून रिकामं परत जाणार, तिन्ही फेऱ्यांचं भाडं आपलं. आकडा ऐकून मी काकांना तो दोन वर्षांच्या उसाच्या बिलात सांगितला. शिवाय सकाळशिवाय निघणार नव्हतं.

ही रिकाम्या फेरीची भानगड मी स्वतः अ‍ॅपमध्ये कोडली होती. दुसऱ्या गिऱ्हाइकाला ती फेरी स्वस्तात विकता यावी म्हणून. मुंबईहून लातूरला त्या रात्री कुणी यायचं नव्हतं.

आम्ही अँब्युलन्सनं निघालो. मुरूड, बार्शी, टेंभुर्णीला उजाडलं. काकू वाचल्या, उजवा हात अजून उचलत नाही.

परवा काकांनी पुन्हा विचारलं, "रिकामं आलं त्याचं भाडं आपण का द्यायचं रे?" मी म्हटलं, टोळीच्या ट्रकचंही तसंच असतं की. ते म्हणाले, "ट्रक दिसतो तरी."