कर्ज, खर्च आणि मौज

मराठीचा तास असो की उर्दूचा, पैशाचे शब्द आले की मला भाषांतर करावं लागत नाही. कर्ज, खर्च, जमा, बाकी, हिशोब, रक्कम, वसुली, हप्ता. अरबी-फारसीतून हे शब्द दप्तरात आले आणि शेतकऱ्याच्या तोंडी रुळले. हप्ता म्हणजे मूळचा आठवडा, असं सांगितलं की मुलं हसतात. कारण कुणाकुणाच्या आईचा फायनान्सचा हप्ता खरंच आठवड्याला असतो. 'मौज'ही तिकडचाच शब्द. अरबीत मौज म्हणजे लाट.

कर्ज आणि मौज यांचं नातं काय, याबद्दल शिकल्यासवरलेल्या माणसांचं मत ठरलेलं असतं. हे लोक लग्नात उधळतात, उरसाला बकरं कापतात आणि मग सावकाराच्या दारात उभे राहतात. मुसलमानांबद्दल बोलताना हे जरा जास्तच ठासून सांगितलं जातं, आणि सांगणाऱ्यांत आपलेही पगारदार लोक असतात. शिक्षकांच्या खोलीत हे इतक्यांदा ऐकलंय, की ते कितपत खरं आहे याचा मागोवा घ्यावासा वाटला. त्यासाठी दीडशे वर्षं मागं जावं लागतं.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल केली. त्यांनी वह्या आणि कर्जरोखे मागून घेतले आणि जाळले. दंग्याचं लोण नगर जिल्ह्यातही गेलं. सत्तावनच्या आठवणी ताज्या होत्या, त्यामुळे सरकार घाबरलं आणि चौकशीसाठी आयोग नेमला. त्याचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश संसदेपुढे गेला.

या अहवालाचा एक भाग मला फार मोलाचा वाटतो. कुणबी कर्जात का बुडतो याची कारणं शोधताना आयोगाने लग्नखर्चाचाही विचार केला. निष्कर्ष असा निघाला, की या कारणाला उगाच जास्त महत्त्व दिलं गेलंय. ऐपतीच्या मानाने लग्नात खर्च जास्त होतो हे खरं, पण असे प्रसंग क्वचित येतात. कैक वर्षांचा हिशोब धरला, तर एवढा खर्च घरच्या आणि समाजातल्या आनंदासाठी करण्याचा त्या माणसाला हक्कच आहे, अशा अर्थाचं तिथं लिहिलंय. गोऱ्या साहेबांनी हे लिहावं आणि आपल्या माणसांनी दीडशे वर्षांनंतरही ते मान्य करू नये, याचं मला नवल वाटतं.

मग माणूस बुडत कशानं होता? अमेरिकेतल्या यादवी युद्धात कापसाचे भाव चढले, तेव्हा सावकार मागेल तेवढं कर्ज देत होते. १८६५ ला युद्ध संपलं, भाव पडले आणि तोच हात आखडला. त्याच सुमाराला शेतसाऱ्याची फेरआकारणी होऊन सारा बराच वाढला. त्यात १८५९ चा मुदतीचा कायदा. रोखा तीन वर्षंच चालेल असं त्यात होतं, हेतू कुळाच्या भल्याचा होता. सावकारांनी त्यातून वाट काढली. दर तीन वर्षांनी थकलेलं व्याज मुद्दलात मिळवायचं आणि नव्या रकमेचा नवा रोखा लिहून घ्यायचा. व्याज मुद्दलापेक्षा जास्त होऊ नये हा दामदुपटीचा जुना रिवाज कागदातून असा वाहून गेला. आयोगापुढं आलेल्या एका प्रकरणात शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून जास्त व्याज लावलेलं होतं. शंभर रुपयांत लग्न झालं असेल, नाही असं नाही. पण वरचे दोन हजार काही जेवणावळीत गेले नव्हते.

१८७९ मध्ये दख्खन शेतकऱ्यांसाठी दिलाशाचा कायदा झाला. तो पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा या चार जिल्ह्यांना लागू झाला. आमच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग तेव्हा साताऱ्यात होता. १९४९ ला दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० ला त्याचं नाव सांगली झालं. म्हणजे ही गोष्ट परक्या मुलखाची नाही.

आठवीच्या मुलांना मी एक गणित घालतो, तास भाषेचा असला तरी. आमच्याकडे खासगी व्याज 'शेकडा तीन'च्या भाषेत बोललं जातं, आणि ते महिन्याचं असतं. एक लाखाला महिन्याला तीन हजार, वर्षाला छत्तीस हजार. तीन वर्षं पुरी व्हायच्या आत व्याज मुद्दलाएवढं होतं आणि मुद्दल जागेवर असतं. मुलं दोनदा करून बघतात, उत्तर बदलत नाही. शेकडा तीन हा शब्द घरी रोज ऐकला तरी तो वर्षाला छत्तीस टक्के आहे, हे पुष्कळांना त्या तासाला पहिल्यांदा दिसतं.

आता पलूसच्या जवळचं बोलू. किर्लोस्करवाडी आमच्याच तालुक्यात. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंधच्या राजांच्या मदतीने कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर कारखाना उभा केला. त्याआधी बेळगावात असताना त्यांनी लोखंडी नांगर केला होता, आणि पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षं लागली. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, असं त्यावर नेहमी सांगतात. असेलही. मला मात्र वाटतं, कर्जाच्या पैशानं शेती करणारा माणूस नव्या अवजारावर पैज लावायला कचरतो, यात अडाणीपणापेक्षा हिशोब जास्त असावा. नांगर फसला तरी व्याज थांबत नाही.

त्याच कुंडलमध्ये १९४३ ते १९४६ या काळात प्रतिसरकारचं मोठं केंद्र होतं. क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू लाड ही नावं इथं घराघरांत आहेत. शाळेत आपण तुफान सेना आणि शेणोलीची रेल्वे लूट शिकवतो. गांधी विवाह मात्र एका ओळीत उरकतो, आणि माझ्या मते तिथंच त्या चळवळीची खरी समज दिसते. हुंडा नाही, मानपान नाही, वाजंत्री नाही. खादीचे कपडे, हार आणि गावासमोर लग्न. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजानं १८७३ मध्ये, पहिल्याच वर्षी, साध्या लग्नाची जी वाट पाडली, तिच्यावरूनच नाना पाटील आले होते. लग्नासाठी कर्ज काढू नका, हे ते गावोगाव सांगत.

पण ऐकणाऱ्यांनी ते का ऐकलं? एक तर, सांगणारे स्वतः तसं वागले. जी. डी. बापूंचं लग्न याच पद्धतीनं झालं. दुसरं, नुसता उपदेश करून ते थांबले नाहीत. त्यांच्या लोकन्यायालयांत सावकारांविरुद्धच्या तक्रारी चालत, दाबून ठेवलेल्या जमिनी कुळांना परत देवविल्या जात. आणि तिसरं, लग्नाची मौज त्यांनी काढून घेतली नाही. उलट ज्या लग्नाला एरवी भावकीच जमली असती, तिथं सगळं गाव येऊ लागलं. खर्च गेला, गर्दी राहिली.

आपल्याकडे तर हे सगळं आयतं आहे. निकाहला लागतं काय? ईजाब-कबूल, साक्षीदार आणि मेहर. मेहर देतो तो नवरा मुलगा. वलीमाही त्याच्याच बाजूचा, आणि एका बकरीचा असला तरी कर, असं पैगंबरांनी एका सहाबींना सांगितल्याचं हदीसमध्ये आहे. मुलीच्या बापानं हॉल घ्यायचा, पाचशे माणसं जेवू घालायची, जहेजात फर्निचर आणि गाडी द्यायची, हे कुठून आलं ते मला विचारू नका. शरीयतमधून नक्कीच आलेलं नाही. व्याज घेणं हराम, हे जुम्याच्या बयानात आपण ऐकतो. अडचणीतल्या कर्जदाराला सवड द्या, माफ केलंत तर आणखी चांगलं, हेही त्याच कुराणात आहे. ते फारसं ऐकू येत नाही. आणि साध्या निकाहचं भाषण ज्यांच्या घरचं लग्न तीन दिवस चालतं त्यांनी करावं, हेही मला पटत नाही. सुरुवात करायची तर डॉक्टरांनी, गुत्तेदारांनी, बागाईतदारांनी आणि आम्हा मास्तरांनी करावी. गवंड्याच्या नाहीतर शिकलगाराच्या मुलीचं लग्न हॉलमध्ये होतं ते आमच्याकडे बघून.

गेल्या हिवाळ्यात आमच्या भागात असं एक लग्न झालं. मुलाचे वडील नोकरदार, पैसा असलेले. असरच्या नमाजनंतर मशिदीत निकाह, मेहर तिथंच रोख, खजूर वाटला आणि माणसं आपापल्या घरी. दुसऱ्या दिवशी मुलाच्या अंगणात वलीमा, दालचा-भात आणि गोडाला खीर. मुलीच्या बापानं एक पैसा कर्ज काढलं नाही. हळदीच्या रात्री गल्लीतल्या बायका ढोलक घेऊन बारा वाजेपर्यंत गात होत्या, शेजारच्या हिंदू घरातल्याही. दोनदा चहा झाला, आणि तिसऱ्यांदा दूध संपलं म्हणून काळा.