भाड्याच्या बेटांवरची विद्यापीठे

संगणकातल्या काल्पनिक जगाचे विद्यापीठाशी नाते जुने आहे. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात 1978 मध्ये रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने रचायला घेतलेला आणि रिचर्ड बार्टलने पुढे नेलेला ‘मड’ हा खेळ निव्वळ शब्दांचा होता. पडद्यावर चित्र नव्हते, पण एकाच जगात एकाच वेळी अनेकजण वावरत. त्रिमितीय जग अध्यापनासाठी मोठ्या प्रमाणावर वापरात आले ते मात्र लिंडन लॅब या सॅन फ्रान्सिस्कोच्या कंपनीने 2003 मध्ये ‘सेकंड लाइफ’ सुरू केल्यानंतर.

सेकंड लाइफमध्ये हार-जीत नव्हती, ठरलेली कथाही नव्हती. कंपनी जागा द्यायची; तिच्यावर काय उभारायचे ते घेणाऱ्याने बघायचे. 256 मीटर लांब आणि तेवढेच रुंद बेट दरमहा 295 डॉलरला मिळे, शिक्षणसंस्थांना निम्म्या भाड्यात. अमेरिका-ब्रिटनमधल्या विद्यापीठांनी अशी बेटे हौसेने घेतली.

हार्वर्डमध्ये कायद्याचे प्राध्यापक चार्ल्स नेसन आणि त्यांची कन्या रिबेका यांनी 2006 मध्ये ‘सायबरवन’ हा अभ्यासक्रम चालवला. कायद्याचे विद्यार्थी नेहमीच्या वर्गात बसत, तर एक्स्टेंशन स्कूलचे विद्यार्थी बर्कमन बेटावर, विधी महाविद्यालयाच्या ऑस्टिन हॉलच्या प्रतिकृतीत जमत. आवाजाची सोय 2007 मध्ये झाली, तोवर सारा संवाद टाइप करूनच चाले. कोणी टाइप करू लागला की त्याच्या अवताराचे, म्हणजे पडद्यावरच्या त्याच्या प्रतिरूपाचे, हात हवेतच कीबोर्डवर फिरावेत तसे फिरत आणि खडखड ऐकू येई. पुढे कोण बोलणार हे त्यावरून आधीच कळे. साध्या चॅटमधल्या गोंधळापेक्षा हे कितीतरी बरे.

बहुतेक विद्यापीठांनी मात्र मोकळ्या बेटावर आपलीच इमारत पुन्हा बांधली. अवतार उडू शकत, तरी त्यांच्यासाठी जिने केले. सभागृहात खुर्च्यांच्या रांगा मांडल्या आणि समोर स्लाइडचा पडदा लावला. जे व्याख्यान खऱ्या वर्गात कंटाळवाणे, ते तिथे रंजक होण्याचे काही कारण नव्हते.

वर्गात जे करताच येत नाही ते जिथे केले गेले, तिथे या माध्यमाचे चीज झाले. टेक्सास वेस्लियन विद्यापीठाच्या ‘जीनोम आयलंड’वर आनुवंशिकतेचे अभ्यासक मेंडेल यांच्या मठाची बाग होती. तिथल्या वाटाण्यांचा संकर करून पुढच्या पिढीतली लक्षणे विद्यार्थ्यांना लगेच मोजता येत. खुद्द मेंडेल यांची त्यात वर्षे गेली होती. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस आवारातील मनोविकारतज्ज्ञ पीटर येलोलीस यांनी रुग्णांच्या अनुभवांवरून स्किझोफ्रेनियातले भास उभे केले. चालता चालता पायाखालची फरशी नाहीशी होई, टीव्हीवरचे भाषण ऐकणाऱ्यालाच दूषणे देऊ लागे. हा अनुभव व्याख्यानातून कितीही समजावला तरी अंगावर येत नाही.

ऑक्टोबर 2010 मध्ये लिंडन लॅबने शैक्षणिक सवलत नव्या वर्षापासून बंद करण्याचे जाहीर केले आणि अनेक संस्थांपुढे दुप्पट भाड्याचा प्रश्न उभा राहिला. काहींनी तशीच जगे चालवणारे ‘ओपनसिम्युलेटर’ हे मुक्त सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर चालवायला घेतले. तिकडे जाताना स्वतः घडवलेल्या वस्तू तेवढ्या नेता येत. इतरांकडून विकत घेतलेले सामान जुन्या बेटावरच सोडावे लागे. 2013 मध्ये सवलत पुन्हा सुरू झाली, पण तोवर बरीच मंडळी पांगली होती.

पुढचा टप्पा हेडसेटचा. डोक्यावर चढवायचा पडदा आयव्हन सदरलँड यांनी 1968 मध्येच करून दाखवला होता, मात्र वर्गाला परवडतील असे हेडसेट यायला 2010 नंतरचे दशक उजाडले. 2021 मध्ये स्टॅनफर्डच्या ‘व्हर्च्युअल पीपल’ या अभ्यासक्रमातल्या विद्यार्थ्यांना घरोघरी हेडसेट देऊन वर्ग आभासी जगात भरवले गेले.

भारताने त्याआधीच वेगळी वाट धरली होती. केंद्र सरकारच्या ‘व्हर्च्युअल लॅब्स’ प्रकल्पात आयआयटी मुंबई आणि पुण्याची सीओईपी ही अभियांत्रिकी संस्था यांचाही सहभाग आहे. त्यात ना अवतार, ना बेट. विज्ञान-अभियांत्रिकीचे प्रयोग साध्या संगणकाच्या ब्राउझरवर विनाशुल्क करता येतात.