तुटलेल्या बरगड्या आणि सीपीआरचा इतिहास

१/ बंद पडलेले हृदय पुन्हा चालू व्हावे म्हणून छातीवर दाब दिला जातो, तेव्हा अनेकदा रुग्णाच्या बरगड्या मोडतात. हा उपचारातील दोष समजावा की त्याचे मोल? सीपीआरच्या इतिहासातच याचे उत्तर आहे.

२/ विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हृदय थांबल्यास शल्यविशारद छाती उघडून ते हाताने दाबत. बाहेरून दाब देण्याचा प्रयोग जर्मनीत फ्रीडरिश मास यांनी १८९० च्या दशकारंभीच केला होता. पण तो विस्मृतीत गेला.

३/ १९५८ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात, विद्युत अभियंते विल्यम कौवेनहोव्हेन यांच्या प्रयोगशाळेत गाय निकरबॉकर कुत्र्यांवर विजेच्या धक्क्याचे प्रयोग करत होते. जड इलेक्ट्रोड छातीवर दाबताच, धक्का देण्यापूर्वीच, रक्तदाब वाढतो हे त्यांच्या ध्यानात आले.

४/ शल्यविशारद जेम्स ज्यूड यांच्यासह या दोघांनी जुलै १९६० मध्ये लेख प्रसिद्ध केला. २० रुग्णांपैकी १४ वाचले होते. छातीचे मधले हाड ३ ते ४ सेंटिमीटर दाबावे, त्यासाठी दोन हात पुरेत, असे त्यांचे प्रतिपादन होते.

५/ हे हाड खाली जाते तेव्हा त्याला जोडलेल्या बरगड्या कमानीसारख्या वाकतात. मुलांच्या बरगड्या लवचीक असतात. उतारवयात कूर्चा ताठर आणि हाडे ठिसूळ होतात. त्यामुळे निर्दोष पद्धतीने दाब दिला तरी हाड मोडू शकते. क्वचित फुप्फुसाला वा यकृतालाही इजा होते.

६/ १९६६ मध्ये अमेरिकेतील तज्ज्ञांनी हे तंत्र प्रशिक्षित व्यावसायिकांपुरते ठेवले. १९७४ मध्ये सामान्य नागरिकांनाही ते शिकवण्याची शिफारस झाली. इजांची जाणीव असूनही दाबाची खोली वाढतच गेली. प्रौढांसाठी २०१० मध्ये ती किमान ५ सेंटिमीटर ठरली. २०१५ मध्ये मात्र ६ सेंटिमीटरची कमाल मर्यादा आली, कारण त्यापुढे इजा वाढतात असे दिसले होते.

७/ म्हणजे वैद्यकाने हाडांची हानी नाकारली नाही. ती मोजली, मर्यादित केली आणि उरलेली स्वीकारली. मोडलेली बरगडी काही आठवड्यांत सांधते. रक्तपुरवठा थांबलेल्या मेंदूला मात्र काही मिनिटांचाच अवधी असतो. बरगडी मोडेल या धास्तीने हात आखडणाऱ्याने हा हिशेब ध्यानी ठेवावा.

(समाप्त)